कासारणीचा लाल दोरा

आमच्या खर्डा गावची कासारीण यायची ती मामलेदाराच्या थाटात. ओटीवर ऐसपैस बसायची आणि हुकूम सोडायची, "आना हात!" बांगड्या भरायला हात दाबता दाबता कोणाला ताप येतो, कोण झोपत नाही, हे ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकायची. आम्ही तिला भ्यायचो, आणि तिची वाटही बघायचो.

शेजारच्या काकूंची नवी सून सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवायची. संक्रांतीच्या सुमारास तिच्या बांगड्या आपोआप गळू लागल्या. सवाष्णीचे हात रिकामे! काकू घाबरल्या. "अगं, लहान मापाच्या भर हिला."

"न्हाई भरायची," कासारीण म्हणाली. "बांगडी बराबर हाय, हातच आटलाय. तुमची म्हैस भाकड हाय व्हय, काकू?" आणि जुन्याच बांगड्या तिनं लालभडक दोऱ्यानं मनगटाला बांधल्या. "हात भरला की सोडाया येते."

झालं! विहिरीवर, देवळात, जी ती काकूंना विचारी, "दोरा सुटला का हो?" काकू सुनेला आधी वाढू लागल्या, तेही दार सताड उघडं ठेवून.

नागपंचमीला कासारीण आली. दोरा तोडला, त्याच मापाची नवी बांगडी चढवताना पंजा असा दाबला की सून किंचाळली. आम्ही सगळ्या हसलो. काकू मात्र तरातरा पुढे आल्या.

"हळू की गं, मेले! माझ्या पोरीचा हात हाय तो!"