नदीकाठचं बाकडं

रफूबाईंचं खरं नाव विचारलंत तर दुकानाच्या मालकालाही चटकन आठवायचं नाही. ड्रायक्लीनिंगच्या त्या दुकानात काचेला लागून एक स्टूल आहे. स्टुलावर बाई आणि बाईंच्या मांडीवर कुणाचा तरी कोट. कसर लागलेला, सिगरेटनं भोक पडलेला, नाहीतर खिळ्याला अडकून फाटलेला. त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून चार धागे उपसायचे आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे विणत जायचे. काम झाल्यावर भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकाला शोधून सापडत नाही. पण हाताला जेवढा धीर, तेवढाच जिभेला कमी. "कोट घालून झाडावर चढला होतात का?" असं चांगल्या भल्या माणसाला तोंडावर विचारतात. मालक कपाळाला हात लावतो, पण बाईंना काही बोलायची त्याची बिशाद नाही.

आणि अशा या बाई, साठी उलटलेल्या, संध्याकाळी घरी जाऊन काय करतात? तर कोरियातल्या नाहीतर चीनमधल्या एखाद्या देखण्या भुतासाठी ढसाढसा रडतात. हसू नका. आधी ऐका तरी.

बाईंचा एकुलता एक मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात सगळं आटोपलं. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. घरात उरल्या सासू आणि सून. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघायची. लोक म्हणाले, आता ही माहेरी जाणार. ती गेली नाही. का गेली नाही ते बाईंनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोघी समोरासमोर बसून मुकाट्यानं जेवायच्या, ताटं उचलायच्या आणि आपापल्या भिंतीकडं तोंड करून पडायच्या.

एका संध्याकाळी सून कानात बोंडं घालून मोबाइल बघत होती आणि हुंदके देत होती. बाईंना राहवेना. "एवढं काय मेलं आहे त्या डबड्यात?"

सुनेनं कानातलं एक बोंड काढलं. "यात मेलेला नवरा परत येतो, आई."

बाई तिच्या शेजारी येऊन बसल्या. "येतो? दाखव."

त्या दिवसापासून दोघींना नाद लागला तो लागलाच. मोबाइलवरचं टीव्हीवर आलं. सात जन्म चुकामूक झालेली जोडपी, स्वर्गातून ढकलून दिलेल्या देवकन्या, प्रेमात पडून नोकरी घालवून बसलेले यमदूत, सगळं पाहून झालं. खाली जी अक्षरं पळतात ती बाईंना वाचून पुरी व्हायची नाहीत, म्हणून सून मोठ्यानं वाचायची, आणि तेही आपल्या बोलीत. राजपुत्र म्हणायचा, "अगं वेडे, मी आहे ना." यमदूत म्हणायचा, "चला आजोबा, आवरा लवकर." बाईंचं लक्ष कपड्यांवर. "मरणाचा दूत म्हणे, आणि कोपरावरचं रफू किती कच्चं! माझ्याकडं पाठवा म्हणावं त्याला." सून हसायची. त्या घरात हसणं परत आलं ते असं, भुतांच्या पाठीवर बसून.

नियम एकच होता. एकीनं दुसरीला सोडून पुढचा भाग बघायचा नाही. बाई तापानं पडल्या तेव्हा सून नायकाला भर युद्धात जखमी टाकून आठवडाभर थांबली होती. हा नियम कुणी घातला ते दोघींनाही आठवत नव्हतं, पण देवाची शपथ मोडली असती तरी तो मोडला नसता.

सध्या एक चिनी मालिका चालू होती. त्यात मेलेली माणसं होडीतून एका नदीच्या काठावर उतरतात. तिथून होडीवाला त्यांना पलीकडं नेतो. पलीकडं गेलं की मागचं सगळं विसरायचं आणि नवा जन्म घ्यायचा. पण कुणाला आपल्या माणसाची वाट बघायची असेल तर काठावर एक लांब बाकडं आहे, तिथं हवं तितकं बसून राहायचं. नायक ऐन तारुण्यात मरतो आणि बायकोची वाट बघत त्या बाकड्यावर बसतो. इकडं बायको जगते, रडते, सावरते, आणि काही वर्षांनी एका कुंभाराशी लग्न करते. म्हातारी होऊन ती काठावर पोचेल तेव्हा बाकड्यावरचा तिला काय म्हणेल? सगळी मालिका त्या एका प्रश्नावर तरंगत होती.

बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या बाकड्यावर त्यांनी आपला मुलगा बसवून टाकला होता. सुईत धागा ओवता ओवता मनात यायचं, नदीचा काठ म्हणजे गार वारा असणार, याच्या अंगात स्वेटर तरी असेल का? वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं. पण तेवढ्या वेडेपणावर दिवस बरे जात होते, मग कशाला सोडा?

रविवारी दुपारचा चहा झाला आणि दोघी मालिकेच्या शेवटच्या भागाला बसल्या. पडद्यावर धुकं. धुक्यातून एक होडी हळूहळू येत होती. आणि सुनेनं कमरेचा रुमाल काढून हातात धरला.

"थांबव ते," बाई म्हणाल्या.

"का हो?"

"तू बघितलंयस हे."

"काहीतरीच काय, आई."

"अगं, होडी अजून काठाला लागली नाही, होडीत कोण आहे ते दिसलं नाही, आणि तू रुमाल काढून तयार? रडू यायच्या आधी रुमाल बरा आठवला तुला!"

सून मान खाली घालून म्हणाली, "बघितलंय."

"एकटीनं?"

"नाही. आपल्या लिफ्टवाल्यांबरोबर." आणि दम घेऊन, "त्यांनी मला विचारलंय, आई. लग्नाचं."

लिफ्टवाला म्हणजे त्यांच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक. चाळिशीचा, एकटा, हाताला कायम ग्रीस. लिफ्ट महिन्यातून दोनदा बिघडायची. हल्ली चारदा का बिघडत होती, हे बाईंना आत्ता कळलं.

"लग्नाचं मागाहून बघू," बाई कडाडल्या. "आधी सांग, भाग कसा बघितलास माझ्याशिवाय? लाज नाही वाटली?" आणि टीव्ही बंद करून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसल्या. लग्नावर भांडायची छाती नव्हती, म्हणून भागावर भांडल्या, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं ते झालं. एका कोटाच्या बाहीवरचं भोक त्यांनी असं सुंदर विणलं की बाहीचे दोन्ही पदर एकमेकांना शिवले गेले. गिऱ्हाइकानं कोट अंगात घातला तर हात कोपरापाशीच अडकला. तो बिचारा ओढतोय, ढकलतोय, हात काही बाहेर येईना. मालक हसून हसून काउंटरवर आडवा झाला. "बाई, तुमच्या हातून?"

बाई हसल्या नाहीत. कोट मांडीवर घेऊन त्यांनी एकेक टाका उसवायला घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. ती गेली तर मला वाचून कोण दाखवणार, असं त्या मनाशी म्हणत होत्या. पण खरं दुखत होतं ते निराळंच. आपला मुलगा आठवणारी या जगात दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक उठून दुसऱ्या घरात गेलं, की त्या काठावर बसलेल्या पोराचं उरलं काय? आणि पोरगी तरी किती वर्षं अशी काढणार? ती गेली तर पोरगा एकटा पडणार, राहिली तर ती वाळून जाणार. बाईंना दोन्ही बघवत नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्या तर लिफ्टचं दार उघडं, आणि आत गुडघ्यांवर बसलेला मेकॅनिक. बाईंना बघून तो धडपडत उठला आणि त्याचं डोकं वरच्या पट्टीवर आपटलं.

"खरंच बिघडलीय, की बिघडवलीय?" बाईंनी विचारलं.

"आज खरंच बिघडलीय, मावशी," तो डोकं चोळत म्हणाला. आपण काय कबूल केलं ते त्याच्या मागाहून लक्षात आलं.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. "माझ्या सुनेला तो भाग तुम्ही दाखवलात?"

"मी म्हटलं होतं, आईंबरोबर बघा. पण त्या म्हणाल्या, आईंच्या शेजारी बसून पहिल्यांदा बघायची भीती वाटते."

"भीती? कसली?"

"बाकड्यावरचा तिला काय म्हणतो, त्याची." त्यानं पाना फडक्याला पुसला. "आधी कळलं तर चेहरा सांभाळता येईल म्हणाल्या."

पोरगी चोरून मजा मारायला गेली नव्हती. ती भ्याली होती. बाई ज्याला भीत होत्या, त्यालाच ती भीत होती.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी रडलो की," तो म्हणाला. "मी त्यातला कुंभार ना, मावशी. त्याच्या बाजूनं कुणी रडतच नाही."

बाईंना हसू आलं. दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. "बरं, लिफ्ट नीट करा आता," असं म्हणून त्या गुडघे धरून जिना चढल्या.

सून दारातच उभी होती. डोळे सुजलेले. "आई, मी त्यांना नाही म्हणून सांगते."

"गप बस. टीव्ही लाव. बघू दे मलाही."

होडी काठाला लागली. होडीतून म्हातारी नायिका उतरली, आणि तिच्या मागून काठी टेकत तिचा कुंभार. बाकड्यावरचा तरुण उठून उभा राहिला. दोघांची नजरानजर झाली. बाईंनी सुनेचा हात घट्ट धरला. आणि तो तरुण काही न बोलता वळला, होडीत बसला आणि धुक्यात निघून गेला. संगीत, पानं गळताहेत, मालिका संपली.

"संपलं?" बाई ओरडल्या. "हे काय झालं? इतकी वर्षं बसला, आणि चार शब्द नाही बोलला?"

"तेच ना, आई!" सुनेचा बांध फुटला. "तो रागावला का? त्याला वाईट वाटलं का? काही म्हणजे काही सांगत नाहीत. मी तिथं पोचेन तेव्हा तेही असेच उठून गेले तर? मी काय करू?" ती लहान मुलीसारखी रडायला लागली. तिनंही त्याला त्याच बाकड्यावर बसवलं होतं तर. बाईंना वाटलं होतं, आपण एकट्याच वेड्या.

त्यांनी तिला जवळ ओढलं. "ह्या मालिकावाल्यांना काडीची अक्कल नाही," त्या म्हणाल्या. "बाकड्यावर बसलेल्या पोराला आई नाही का? सगळे आपले बायकोची वाट बघताहेत! अगं, बायकोच्या आधी आई नाही का पोचणार? तू यायच्या कितीतरी आधी मी तिथं असणार."

सून रडता रडता थांबली.

"मी जाऊन त्याच्या शेजारी बसणार. मग सांगणार त्याला."

"काय सांगाल?"

जन्मात कधी शब्दाला न अडलेल्या बाई अडल्या. मग म्हणाल्या, "सांगेन, तुझी बायको बरी आहे. तू गेल्यावर तिनं मला एकटं टाकलं नाही. पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं केलं. तिला कुणीतरी पुन्हा हसवलं, आणि ते बघून मला बरं वाटलं. आता तिची वाट बघू नकोस, बाळा. ऊठ. मी आलेय ना, चल, आपण दोघं जाऊ पलीकडं."

बराच वेळ दोघी एकमेकींना धरून रडत राहिल्या. चार वर्षांत त्या एकत्र रडल्या होत्या त्या पडद्यावरच्या माणसांसाठी. त्याच्यासाठी आजच पहिल्यांदा.

मग सून म्हणाली, "मी तुम्हाला सोडून कुठं जाणार नाही."

"जायचं. रीतसर लग्न करून जायचं. संध्याकाळी मात्र येऊन वाचून दाखवायचं, आणि त्याला पण आणायचं. तो कुंभार एकटाच रडत बसतो म्हणे."

सून हसली, आणि हसता हसता पुन्हा गंभीर झाली. बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून तिनं हळूच विचारलं, "आणि आई, हे सगळं ऐकून तिथं ते रुसले तर?"

"रुसू दे," बाई म्हणाल्या. "माझं पोर आहे ते. लहानपणापासून त्याची समजूत मीच काढत आलेय."