लंडनचं स्टिअरिंग

ईश्वर सकपाळांना एक खोड होती. कुठलीही वस्तू हाती लागली की ती आधी उलटी करून बघायची. मुलगी बघायला गेले तेव्हा पोहे येईपर्यंत त्यांनी समोरचा टीपॉय आडवा करून त्याचे जोड तपासले होते. त्या मुलीने, म्हणजे आशाताईंनी, गेल्या चाळीस वर्षांत हा किस्सा किती जणांना ऐकवला याची गणती नाही. एवढं होऊनही खोड काही गेली नाही. हॉटेलात बसले तर टेबलाखाली वाकणार, कुणाच्या घरी गेले तर देव्हाऱ्याची पाठ बघणार. वस्तूचं तोंड खोटं बोलतं, पाठ बोलत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्यांचा धंदाच तसा होता. चौतीस वर्षं ते माझगावच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. हा शब्द ऐकला की लोकांना शिवणकाम आठवतं, आणि मग सकपाळांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. पंपाची बॉडी ओतायची असेल तर आधी ती हुबेहूब लाकडात घडवायची. ते लाकूड वाळूत दाबून काढलं की पोकळी राहते, तिच्यात वितळलेला धातू ओततात. तो पंप मग देशभर फिरतो, आणि लाकूड गोदामात वाळवीच्या तोंडी जातं. आयुष्यभराचं काम, पण पोराला बोट धरून ‘हे मी केलं’ म्हणून दाखवायला एक वस्तू शिल्लक नाही. सकपाळ हे हसत सांगायचे, पण आत कुठेतरी ते त्यांना लागलेलं होतं.

रिटायर झाल्यावर जेसल पार्कातल्या घराच्या मागच्या बाल्कनीत त्यांनी बाकडं मांडलं. रंधा, पटाश्या, कानशी, सगळं भिंतीवर ओळीने. सोसायटीतल्या खुर्च्यांचे पाय आणि पोळपाटांचे कोपरे तिथे दुरुस्त होऊ लागले. अशाच एका मंगळवारी बी विंगमधल्या हंसाबेन उशीच्या अभ्ऱ्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या.

हंसाबेनना अख्खं जेसल पार्क ओळखतं ते त्यांच्या गाडीमुळे. खाली पार्किंगमध्ये दोन दारांची जुनी हिरवी हेराल्ड उभी असते, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या हंसाबेन दर रविवारी सकाळी ती स्वतः चालवत घोडबंदर रोडने चेण्यापर्यंत जाऊन येतात. वाटेत रिक्षावाले थांबून फोटो काढतात. हंसाबेन त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

“ईश्वरभाई, हे बघा ना,” म्हणत त्यांनी अभ्रा सोडला. आत स्टिअरिंग होतं, लाकडी. गोलाच्या एका बाजूला आडवी चीर पडून लाकूड उघडं झालेलं. “परवा वळण घेतलं आणि हाताला चावलं. मेकॅनिक बोलतो फेकून द्या, रेक्झिनवालं नवीन टाकू. मी बोलले, तुला फेकेन. लंडनचं आहे हे. आमच्या ह्यांनी मागवलेलं, चौऱ्याहत्तर साली. जपून करा हां.”

“करतो,” सकपाळ म्हणाले, आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी स्टिअरिंग उलटं केलं.

हंसाबेन गेल्या. सकपाळांनी चहा बाजूला ठेवून काचेच्या तुकड्याने चिरेजवळचं जुनं पॉलिश थोडं खरवडलं आणि नाक जवळ नेलं. मग आशाताईंना हाक मारली.

“अगं, हुंगून बघ.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“बघ तरी.”

आशाताईंनी वास घेतला. “आपल्या जुन्या कपाटाचा येतो तसा येतोय.”

“साग आहे. लंडनला सागाचं स्टिअरिंग कशाला करतील? त्यांच्याकडे अक्रोड असतो, बीच असतो.”

“नेला असेल इथून. साहेबाने काय काय नेलं,” आशाताई म्हणाल्या आणि कुकरकडे गेल्या. हे उत्तर खोडून काढता येईना. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

दोन दिवस त्यांनी नुसतं बघण्यात घालवले. आतली लोखंडी कडी गाडीच्या मूळ स्टिअरिंगचीच होती. तिच्यावरून लाकडाचा गोल बसवलेला, आणि कडी बसायला लाकडाच्या पाठीला खाच. गोल सहा तुकड्यांचा, एकाचं टोक दुसऱ्यावर अर्धं चढवून जोडलेला. सुतार असं करत नाही, तो वाकवतो नाहीतर एका फळीतून कापतो. मोठं चाक किंवा पंपाचा गोल लाकडात घडवायचा तर पॅटर्न शॉपमध्ये असं करतात. शिवाय सहापैकी पाच तुकडे असे की जोडावरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. सहाव्याची गोष्ट वेगळी होती. त्याच्या आतल्या बाजूला कानशीचे वेडेवाकडे ओरखडे होते, एका टोकाला पटाशी घसरलेली होती, आणि चीर पडली होती ती नेमकी त्याच तुकड्यात. पाच तुकडे उस्तादाचे आणि सहावा कुणा शिकाऊ माणसाचा, हे सकपाळांना वस्तू न बोलता कळलं.

त्यांनी तो सहावा तुकडा हळूच सोडवला. खाचेत सरस आणि भुशाचा लगदा भरलेला निघाला. ओल लागली असेल, कुणीतरी मधे दुरुस्त केलं असेल, असं म्हणून त्यांनी तो कोरून काढला.

आता नवा तुकडा. तुटक्यावरून नवं करायचं नाही, मूळ मापावरून करायचं, ही पॅटर्न शॉपची शिस्त. त्यांनी टेपने कडीचं माप घेतलं, पंधरा इंच. जुन्या खिडकीच्या चौकटीतला साग निवडला, भिंतीवरची पट्टी घेऊन प्लायवर करकटकाने गोल काढला, त्यावरून तुकडा कापला, घासला, खाच पाडली. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी तो शेजारच्या दोन तुकड्यांमध्ये बसवून बघितला आणि स्वतःवरच खूश झाले. गोलाई तंतोतंत. जोड दिसतसुद्धा नव्हता.

फक्त तो कडीवर बसेना.

खाच कडीच्या बाहेरून जात होती. पाऊण सूत, म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर. सकपाळांनी तो काढला, फिरवला, पुन्हा लावला. लाकडाशी जुळतो आणि लोखंडाशी जुळत नाही, हे कसं शक्य आहे? त्यांनी माप पुन्हा घेतलं. कडी पंधरा इंचच होती. मग प्लायवरचा गोल मोजायला भिंतीवरची तीच पट्टी उचलली आणि तिच्याकडे बघतच राहिले. पुन्हा पुन्हा बघितलं, मग खाली बसले आणि मोठ्याने हसायला लागले. आशाताई पीठ लागलेल्या हातांनी धावत आल्या.

“काय झालं?”

“मी गाढव आहे,” सकपाळ अत्यंत आनंदाने म्हणाले.

ती पट्टी खोटी होती. म्हणजे त्यांच्या धंद्यात खरी, बाकी जगात खोटी. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच लांब असते. ॲल्युमिनियमच्या ओतकामाची पट्टी फुटाला सव्वा सूत लांब. दिसायला चारचौघींसारखी, आकडेही तेच, पण तिच्यावरचा बारा इंच हा बारा इंच नसतोच. चौतीस वर्षं हात त्याच पट्टीकडे गेला होता, आताही गेला. स्टिअरिंग काही ओतायचं नव्हतं, ते आकसणार नव्हतं, हे हाताला कोण सांगणार?

पण हसू त्याचं नव्हतं. सकपाळांनी आशाताईंना जवळ बसवलं. “नीट ऐक. माझं माप चुकलं. तरी माझा तुकडा या जुन्या पाचांशी बरोबर जुळला. म्हणजे काय?”

आशाताईंनी विचार केला. “म्हणजे ते पाचपण चुकलेले.”

“तेवढेच चुकलेले. माझ्याएवढेच. ज्याने हे केलं त्याने हीच पट्टी वापरली. लंडन नाही नि काय नाही. आपल्यातला होता तो. बसेना म्हणून खाच रुंद केली आणि लगदा भरला. पन्नास वर्षं लाकूड आत सैल हलत राहिलं, आणि जो तुकडा कच्चा होता तो फुटला.”

नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, पण त्या माणसाचा हात कुठल्या भिंतीकडे गेला होता ते सकपाळांना दिसत होतं. पॅटर्नवाल्याचं एक काम वाळवीपासून वाचलं, पन्नास वर्षं उन्हात फिरलं, लोकांनी त्याचे फोटो काढले, आणि त्याचं श्रेय मिळालं लंडनला. याचा त्यांना राग आला, अगदी मनापासून.

“मी सांगणार त्यांना.”

“अजिबात नाही,” आशाताई म्हणाल्या. “नवऱ्याची आठवण आहे ती. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली. तुमची ती उलटं करून बघायची सवय लाकडापुरती ठेवा, अहो. बाईचं आयुष्य कशाला उलटं करताय?”

सकपाळ बाकड्याकडे वळले. पुढचे चार दिवस ते काम करत राहिले आणि स्वतःशीच भांडत राहिले. सांगितलं तर त्या बाईंचं लंडन जातं. नवऱ्याने खोटं सांगितलं हे त्यांना या वयात कळतं, आणि त्याला विचारायची सोय नाही. नाही सांगितलं तर तो माणूस दुसऱ्यांदा वाळूत जातो, आणि या खेपेला त्याला गाडणारा त्याच्याच धंद्यातला. काम मात्र छान होत होतं. चुकलेला तुकडा त्यांनी तसाच ठेवला, कारण बरोबर केला असता तर तो एकटाच चुकला असता. लगद्याच्या जागी सागाच्या पातळ पट्ट्या घासून बसवल्या. आता सगळा गोल कडीला घट्ट धरून बसला.

शनिवारी दुपारी ते बी विंगच्या पार्किंगमध्ये गेले. स्टिअरिंग बसवलं, नट आवळला. हंसाबेन आत बसल्या, दोन्ही हातांनी गोल धरून डावीकडे-उजवीकडे फिरवला आणि थांबल्या.

“आवाज गेला,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून कुरकुर करायचं. आमचे हे बोलायचे, लंडनचं असंच असतं.”

सकपाळ खिडकीपाशी उभे होते. गप्प बसायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं, पण ते ‘लंडन’ पुन्हा कानावर पडलं.

“हंसाबेन, एक बोलू? रागावू नका. हे लंडनचं नाही. इथलंच आहे, मुंबईचं. फाउंड्रीतल्या माणसाने केलंय, हाताने. माझ्यासारख्याच.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. साग, सहा तुकडे, लांब पट्टी. हंसाबेन समोरच्या काचेतून बाहेर बघत ऐकत होत्या. त्यांचा चेहरा काहीच सांगत नव्हता, आणि सकपाळांना वाटलं, आशा बरोबर बोलत होती, आपण उगीच तोंड उघडलं.

“किती दिवस लागले असतील त्याला?” हंसाबेननी विचारलं.

“सुट्टीच्या वेळात केलं असेल तर दीड-दोन महिने. आणि एकट्याचं नाही. पाच तुकडे उस्तादाचे आहेत. सहावा कुणीतरी नवशिक्याने केलाय, बाजूला बसून शिकत शिकत.”

“शनिवारी?”

“असेल. शनिवारी हाफ डे असायचा.”

हंसाबेननी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

“आमचे हे, जितेंद्र, लोखंड बाजारात होते,” त्या म्हणाल्या. “फाउंड्रीवाल्यांना माल द्यायचे. त्या साली दोन महिने दर शनिवारी उशिरा घरी यायचे. कॉलरमध्ये कसला तरी भुसा असायचा, कपड्यांना वास यायचा. माझी नणंद बोलली, भाभी, लक्ष ठेव. मग एक दिवस हे आणलं. मी मासिकात फोटो बघून हट्ट केलेला ना, तसंच पाहिजे म्हणून. बोलले, लंडनहून मागवलं. मला कळलं की खोटं बोलतायत. पासपोर्ट नाही, ओळख नाही, कुठलं लंडन? मला वाटलं, एवढं मोठं बक्षीस आणतोय म्हणजे काहीतरी लपवतोय माणूस. पन्नास वरस मी हे हातात धरून तेच विचार केलं, ईश्वरभाई. कोण असेल ती.”

जुना पार्ट गिऱ्हाईकाला परत द्यायचा असतो, म्हणून सकपाळांनी फुटका तुकडा वर्तमानपत्रात बांधून आणला होता. तो त्यांनी खिडकीतून आत दिला. “खात्रीने नाही सांगता येत,” ते म्हणाले. “पण नवशिक्याचा तुकडा तो हा.”

हंसाबेननी कागद सोडला. आतल्या बाजूच्या ओरखड्यांवरून, घसरलेल्या पटाशीच्या खुणेवरून बोट फिरवलं.

“किती वाईट केलंय.”

“वाईट नाही,” सकपाळ म्हणाले. वाईट कामाला बरं म्हणायची त्यांची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. “माझा पहिला तुकडा याहून बेकार होता.”

हंसाबेनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, आणि ते त्या पुसत नव्हत्या.

“एकदा विचारायला पाहिजे होतं मी,” त्या म्हणाल्या.