अंगावर शिवलेले पंख

वैशालीच्या पाठीवर मी शेवटचे टाके घालत होते. तिनं दातात दोऱ्याचा तुकडा धरला होता. अंगावरच कपडा शिवायचा झाला तर घालणाऱ्यानं तोंडात काहीतरी धरायचं, ही आमच्याकडची रीत. टाके संपले तसा तिनं दोरा थुंकला आणि विचारलं, "मावशी, हे लवकर निघन ना?"

"कात्री लावली की दोन मिनिटांत," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच म्हटलं.

मी कपडेवाली. सिनेमावाले कॉस्च्युम डिझायनर म्हणतात, पण काम तेच. घर भंडाऱ्याच्या विणकरांचं आणि निम्मं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकांत गेलेलं. आमच्या स्टेजवरची परी ठरलेली. पांढरा घेरदार झगा, चमकीचा मुकुट आणि इलास्टिकनं खांद्याला अडकवलेले पुठ्ठ्याचे पंख. माणसं मंडपात लांब बसलेली असतात, इलास्टिक कोणाला दिसतंय? कॅमेऱ्याला मात्र ते दिसतं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

एका जुन्या संगीत नाटकाचा सिनेमा होत होता. त्यात सात पऱ्या तळ्यावर उतरतात आणि त्यांची थोरली पाण्यात शिरते. थोरली म्हणजे आमची वैशाली, दिघोरीची पोरगी, झाडीपट्टीतली चांगली नटी. शूटिंग नाकाडोंगरीच्या पुढं जंगलातल्या एका तलावावर होतं. प्रसंग चांदण्याचा, पण भर दुपारी शूट करून मागाहून रंग गडद करायचा. याला ते 'डे फॉर नाइट' म्हणतात.

फिटिंगच्या वेळी डायरेक्टर वैतागला. मुंबईचा, तिशीतला, कामाचा पण हट्टी. क्लोजअपमध्ये पंख हलतात, पट्टी दिसते, परी खोटी वाटते, असं त्याचं म्हणणं. त्याला गोड परी नको होती. "ताई, पंख अंगातून उगवल्यासारखे दिसले पाहिजेत. बघणाऱ्याला भीती वाटली पाहिजे."

मला त्यात काय अवघड? नाटकात पटकन एन्ट्री असली की हूक तुटतो, म्हणून आम्ही ड्रेस अंगावरच शिवून टाकतो आणि प्रवेश संपला की कात्रीनं कापतो. तेच इथं केलं. वेताची चौकट, तिच्यावर जाळीचे तीन थर, आतून काखेखालून घट्ट पट्टे. मानेपासून कमरेपर्यंत दुहेरी दोऱ्याचे टाके. पंख जागचे हलेनात. डायरेक्टर खूश झाला आणि मीही फुगले.

तलावात मासे धरणारे देवाजीभाऊ त्यांची छोटी होडी, डोंगा, घेऊन देखरेखीला होते. सात सजलेल्या बाया काठावर बघून म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, हे आसराईची जागा हाये." आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं त्यांना भितात. त्यांना पंख नसतात. हिरवं लुगडं, ओले केस, बस. डायरेक्टरला सांगितलं तर त्यानं हौसेनं नारळ फोडला आणि त्याचा व्हिडिओही काढून घेतला. देवाजीभाऊंचं दुसरं सांगणं मात्र कोणी मनावर घेतलं नाही. त्यांनी पाण्यात एक बांबू रोवला होता. त्याच्या पुढून माती काढून नेलेली, तिथं खड्डा होता, म्हणून बांबूच्या पुढं जायचं नाही.

पहिले दोन टेक गुडघाभर पाण्यात झाले. तिसऱ्याला डायरेक्टर म्हणाला, अजून थोडं आत. वैशालीला पोहता येतं हे त्यानं आधीच विचारून ठेवलं होतं. ती बांबूच्या पुढं गेली, एक पाऊल टाकलं आणि दिसेनाशी झाली. वर नुसते पंख तरंगत होते, अगदी सुंदर. कोणी 'कट' म्हणेना. सगळ्यांना वाटलं, अ‍ॅक्टिंग आहे.

मला मात्र माहीत होतं. तिला पाण्याखाली जायला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी ओरडत पाण्यात धावले. मला पोहता येत नाही, हे मला छातीपर्यंत पाणी आल्यावर आठवलं. देवाजीभाऊ डोंगा रेटत आले. मी एका हातानं त्याची कड आणि दुसऱ्यानं एक पंख धरला, आणि त्यांनी हाताला लागले ते पंख धरून ओढले. त्यानं भलतंच झालं. पाठ वर आली आणि तोंड आणखी खाली गेलं. दुसरं काही असतं तर फाटून हातात आलं असतं. माझं काम पक्कं होतं, फाटेना. पट्ट्यांनी तिचे खांदे आवळलेले, त्यामुळे तिला उलटंही होता येईना. ती खाली धडपडत होती आणि तो प्रत्येक हिसका मला पंखांच्या जाळीतून हाताला लागत होता.

"पंख सोडा, हनुवटी धरा," मी किंचाळले. त्यांनी तिच्या तोंडाखाली हात घातला आणि मी गळ्यात अडकवलेल्या कात्रीनं मानेपासून टाके कापायला लागले. ओला दोरा फुगतो, कात्री सटकते. एक टाका, दुसरा टाका, तिसरा. एवढे बारीक टाके कोणत्या सटवीनं घातले म्हणून मी मोठ्यांदा शिव्या देत होते, आणि त्या मलाच होत्या. कमरेपाशी आल्यावर चौकट सुटली. भाऊंनी तिला डोंग्यावर उलटी घेतली. तिनं पाणी ओकलं आणि श्वास घेतला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

काठावर ती घोंगडीत बसली होती. मी तिच्या समोर कात्री घेऊन उभी. ती म्हणाली, "मावशी, मले वाटलं तुमी सोडवान. पण तुमचा टाका काही सुटून नाही राहिला."



डायरेक्टरनं पॅकअप सांगितलं. दोन दिवस शूटिंग बंद. मग त्यानं स्वतःच पंख काढून टाकायला सांगितले. मी हिरवी लुगडी आणली, केस ओले सोडले. वैशाली पुन्हा पाण्यात उतरायला तयार झाली, गुडघ्यापर्यंतच, आणि मी काठावर कॅमेऱ्याशेजारी उभं राहायचं या अटीवर.

सिनेमा मी तुमसरला पाहिला. पडद्यावर पऱ्या आल्या. शेजारच्या बाईनं पोराला जवळ ओढलं. पेपरात कोणीतरी लिहिलं की पंखांची गोड परी मोडून भीतीदायक परी आणणं हा डायरेक्टरचा धाडसी विचार आहे. पाण्यात शिरताना थोरली परी क्षणभर वळून पाहते, त्या नजरेचं तर फारच कौतुक झालं. ती नजर कोणी बसवलेली नव्हती. वैशाली मी जागेवर आहे की नाही ते बघत होती.

आता माझ्या हातचा कुठलाही ड्रेस घालणाऱ्याला स्वतःच्या एका हातानं, डोळे मिटून काढता येतो. फिटिंगला मी तसं करूनच घेते. कॅमेऱ्यात तो थोडा ढिला दिसतो. दिसू दे.