भाओजींचा अंगठा

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाओजी, इस्त्रीचं दुकान चालवतात. घडीत ओल राहिली की कापड कुजलं, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. घरातला टॉवेलही ते दोनदा चाचपून मगच कपाटात ठेवतात.

गेल्या वर्षी कुणाच्या तरी नव्या शर्टातली टाचणी त्यांच्या चपलेत पडली आणि दिवसभर अंगठ्यात रुतून बसली. शुगरमुळे पाय बधिर झालेले, त्यामुळे गड्याला पत्ताच नाही. जखम झाली ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अशीच चिघळत राहिली तर अंगठा काढावा लागेल. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

दवाखान्यातल्या सिस्टरनी जखम साफ करून हायड्रोजेलची पट्टी लावली. थंडगार, पारदर्शक, जेलीसारखी. "जखम ओलसर राहिली की कातडी लवकर धरते. पट्टीला हात लावू नका आणि पायावर भार देऊ नका." भाओजींनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

घरी पट्टी फुगून पांढरट दिसू लागली. कुजतंय, असं ठरवून त्यांनी ती काढली आणि पंख्यासमोर पाय धरून बसले. पुढच्या खेपेला सिस्टरनी पाहिलं तर जखमेच्या कडा वाळून तडकलेल्या. "अंगठा हवाय की नको, ते यांना विचारा," नवी पट्टी लावताना एवढंच त्या ताईला म्हणाल्या.

ताई त्यांना घेऊन थेट दुकानावर गेली. दुकानात शिरताच तिने एक कडक वाळलेला शर्ट त्यांच्यापुढे टाकला.

"याच्या सुरकुत्या काढा. पाणी न शिंपडता."

"कशा निघतील? कापड आधी नरम पडायला नको?"

"मग तुमची कातडी काय पत्र्याची आहे?"

भाओजींनी आधी शर्टाकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे. हे दृश्य मी डोळे भरून पाहून घेतलं.

त्यानंतर पट्टीला हात लागला नाही. स्टुलावर बसून इस्त्री सुरू झाली, कॉलर वाकड्या होऊ लागल्या, गिऱ्हाइकं कुरकुरली. गोड बंद झालं, तेव्हा त्यांच्या वाटचं मी खाल्लं. तेवढाच माझा हातभार.

शेवटी एकदा पट्टी निघाली, तर खाली पातळ गुलाबी कातडी. अंगठा वाचला, डॉक्टर म्हणाले. भाओजींनी त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"मला तर अंगठ्याला काहीच कळत नाही. आहे ना गं तो जिवंत?"

ताईने अंगठा मुठीत धरला. "ऊब आहे हो," ती म्हणाली, आणि भर दवाखान्यात रडायला लागली.