चेंडूकडे पाहणारा निरीक्षक

"ही रेफरी बदला." हाफटाइमला नांदेडच्या कॉलेजचे कोच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई उमरग्याची हाय. परवापर्यंत लातूर आन उमरगा एकाच जिल्ह्यात व्हते की!"

"आता नाहीत," मी म्हणालो. मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल फायनलला दोन्ही संघांच्या जिल्ह्यांबाहेरचाच रेफरी घ्यायचा, हा आमचा नियम. यंदा फायनल नांदेड आणि लातूरची. लातूर वेगळा जिल्हा झाला, उमरगा उस्मानाबादकडे राहिलं आणि तिथली ही रेफरी सुनंदा रातोरात तटस्थ ठरली. नकाशा बदलला की माणूस बदलतो का, हे नियमात लिहिलेलं नाही. कोच तणतणत गेले.

मी निरीक्षक होतो. रेफरी कुठं उभा राहतो, शिट्टी कधी मारतो, इशारे कसे करतो, यावर गुण द्यायचे. त्यासाठी खेळ बघायचा नाही, फक्त रेफरी बघायचा. सुनंदाची ही परीक्षेची मॅच. पास झाली, तर आमच्या पॅनेलवरची ती पहिली बाई. त्यासाठी ती तीन वर्षं एसटीनं गावोगाव फिरून शिट्ट्या मारत होती.

साल दुष्काळाचं. प्यायलाच टँकर, तिथं मैदानावर पाणी कोण मारणार? मुली धावल्या की धूळ उठायची आणि उन्हं कलल्यावर ती सोनेरी व्हायची. त्यात मुलींचे पाय दिसेनात. त्या तरंगतायत असंच वाटे. आरडाओरडा कुठून तरी लांबून आल्यासारखा. मला गुंगीच आली.

शेवटचे काही सेकंद. नांदेड एका गुणानं पुढे. लातूरच्या उंच मुलीनं उडी घेतली. चेंडू सुटला आणि त्या धुळीत सावकाश, फार सावकाश वर जात राहिला. इतकं सुंदर काही त्या वर्षात मी पाहिलं नव्हतं. मी चेंडूच बघत राहिलो.

तो अलगद जाळीतून खाली आला तेव्हा कळलं, शिट्टी आधीच वाजलीय. सुनंदानं चार्जिंग दिलं होतं, म्हणजे जागेवर उभ्या मुलीला धडक. बास्केट रद्द. नांदेड जिंकलं.

लातूरचे स्पर्धा सचिव धावत आले. "सर, धडक झाली का न्हाई? चूक असंल तर तसं लिहा अन् हिचा विषय मिटवा." तिकडं तेच नांदेडचे कोच "बाई लई हिमतीची" म्हणून सांगत सुटले होते.

मग सुनंदा आली. चेहरा धुळीनं माखलेला. "सर, बरोबर दिलं ना मी?"

हो म्हणणं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सुनंदाबाई, मी पाहिलंच नाही. चेंडूकडे बघत होतो."

तिनं चेहऱ्यावरची धूळ पुसली. "मग मला गुण देऊ नका, सर. दुसरी मॅच द्या. आन दुसरा निरीक्षक."

मी रिपोर्टमध्ये सगळं तसंच लिहिलं. तिला दुसरी मॅच मिळाली, ती पास झाली. मला पुढं दोन वर्षं फायनल मिळाली नाही. धडक खरी होती की नाही, मला आजही ठाऊक नाही.

नंतर एकदा निलंग्याच्या बसस्टँडवर ती भेटली. "त्या दुसऱ्या निरीक्षकानं इशारे हळू म्हणून माझे दोन गुण कापले, सर!" सांगताना केवढी खूश होती. कमी गुण माणूस सोसतो. कुणी पाहिलंच नाही, हे सोसत नाही.