बारा पोत्यांवरच्या सह्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझा एकूण एक राग पाठ आहे.

डिचोलीच्या खाणींवर मी क्लीनर म्हणून लागलो आणि स्वतःचे चार ट्रक केले. आमच्या धंद्यात सगळं तोंडी. भाव ठरेपर्यंत मी आवाज चढवीन, उठून चालू लागेन. पण शब्द दिला की दिला. वर कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. हे आधी का सांगतो? राग कुठून आला ते कळावं म्हणून. सबब म्हणून नव्हे — सबब नाहीच.

खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले. तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजातल्या गावकर मॅडम आल्या. डंपवरच्या, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या, मातीपासून हलके पण पोलादासारखे टणक, बांधकामाचे तक्ते बनवायचं त्यांचं संशोधन. खोलीप्रमाणे मातीचा गुण बदलतो का, ते पाहायचं होतं. अर्ध्या मीटरपासून सहा मीटरपर्यंत मी मशीनने खणायचं, बारा थरांची बारा पोती भरून द्यायची. भाव ठरला. मी शब्द दिला. तर त्यांनी बारा चिठ्ठ्या काढल्या — प्रत्येकीवर खोली लिहायची, खाली माझी सही.

"माझ्यार विश्वास ना तुमचो?" मी चारचौघांत विचारलं.

"विश्वासाचं नाही हो, पद्धत असते," त्या म्हणाल्या. आणि हसल्या.

हसल्या कशाला? ते हसणं मला अजून खुपतं.

मग मी काय केलं? सांगतो. खणलंच नाही. डंपच्या पायथ्याशी, रस्त्याकडेची वरवरची माती फावड्याने ओढून बाराही पोती भरली. प्रत्येक चिठ्ठीवर वेगळी खोली लिहिली, खाली ठसठशीत सही केली. सही पाहिजे ना? घ्या सही.

काही वर्षं त्या त्याच मातीवर राबल्या. खोलीने फरक पडत नाही, असं त्यांनी छापलं. मग दुसऱ्या कुणी खरोखर खणून पाहिलं — फरक पडत होता. आकडे घरी बसून लिहिले, असा मॅडमवर आळ आला. चौकशीत मला बोलावलं, चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. सही तुमची? माझी. माती त्याच खोलीची? — मॅडम समोरच होत्या, माझ्याकडे बघत.

"होय," मी म्हणालो.

माती खरी, म्हणजे आकडेच खोटे, असं ठरलं. त्यांचं संशोधन बंद झालं. तक्ते अर्धवट राहिले.

पुढे एक दिवस त्या लाटंबार्सेतल्या माझ्या घरी आल्या. मला वाटलं, कळलं यांना. त्या ओसरीवर टेकल्या, म्हणाल्या, "भाऊ, मध्ये मला तुमचाच संशय आला होता. उगाच. ते मनातून जाईना, म्हणून आले. माफ करा मला."

आणि मी — मी त्यांना माफ केलं.