काचेच्या सळया

बाबांनी आयुष्यभर सळया बांधल्या. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, जिथे टॉवर उठला तिथे त्यांचा हात लागलेला. बसमधून जाताना ते इमारती दाखवायचे आणि कुठल्या मजल्याचा बीम त्यांनी बांधला ते सांगायचे. काँक्रीटच्या आतल्या सळया कुणालाच दिसत नाहीत, त्यामुळे हा माणूस थापा मारतोय असं मला लहानपणी पक्कं वाटायचं.

एम.टेक.ला माझा विषय होता काचेच्या तंतूंच्या सळया. मनोरीसारख्या किनाऱ्यावर लोखंड गंजतं, फुगतं आणि काँक्रीट फोडतं. या सळया गंजत नाहीत. त्या घातलेला बीम वाकताना किती भार सोसतो, हे मला मोजायचं होतं. अंधेरीच्या आमच्या कॉलेजात बीमच्या आतला सळयांचा पिंजरा बांधायला माणूस मिळेना, तेव्हा बाबा म्हणाले, "मी आहे ना. कशाला कुणाच्या पाया पडतेस?"

खाडा करून ते मानखुर्दहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. शर्ट खुर्चीवर ठेवला आणि गंजीवर कामाला बसले. एक अख्खी सळई एका हातानं उचलली आणि हसले. "हे काय गं? पतंगाची कामटी का?" पण बांधणी अशी केली की रिंगांमधलं अंतर मी पट्टीनं मोजलं, तर कुठे रेघभरही फरक नव्हता. खाली ठोकळे लावून त्यांनी पिंजरा साच्यात ठेवला. लोखंड आपल्या वजनानं बसतं. त्यांच्या हाताखाली ते कायम तसंच बसलं होतं. ही सळई काँक्रीटपेक्षा हलकी, ओल्या काँक्रीटमध्ये ती तरंगून वर येते, म्हणून तिला साच्याच्या तळाशी तारेनं बांधून ठेवावं लागतं. हे माझ्या वहीत होतं, खाली रेघ मारून. त्यांना सांगायचं मात्र माझ्या डोक्यातून साफ गेलं. आम्ही काँक्रीट ओतलं, व्हायब्रेटर फिरवला.

अठ्ठावीस दिवसांनी चाचणी होती. बाबा पुन्हा खाडा करून आले, आपला बीम बघायला. भार चढत गेला, बीम वाकला, भेगा पडल्या आणि मी काढलेल्या आकड्याच्या कितीतरी अलीकडेच तो मोडला. सरांनी तुकडा कापायला लावला. सळया दोन बोटं वर आलेल्या होत्या.

"पिंजरा कोणी बांधला?" सरांनी विचारलं.

"लेबर मिस्टेक आहे, सर," मी म्हणाले.

बाबा तीन पावलांवर उभे होते. हे माझे वडील, अशी त्यांची ओळख मी करून दिलेलीच नव्हती. आणि साइटवर आयुष्य गेलेल्या माणसाला ते दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.

घरी जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "वर कशी आली ती?" ती हलकी असते, तळाशी बांधावी लागते, एवढंच मी सांगितलं. "म्हणजे माझ्याकडूनच राहिलं," ते म्हणाले. चूक माझी होती आणि ते मला तेव्हाही कळत होतं. तरी "जाऊ द्या ना, बाबा," असं मी म्हटलं, वर मोठ्या मनानं माफ केल्यासारखं. पुढचे बीम मी दुसऱ्या माणसाकडून बांधून घेतले. त्याला तळाशी बांधायचं आठवणीनं सांगितलं.

गेल्या वर्षी बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांच्याबरोबर साइटवर काम केलेले एक काका आले होते. जेवताना मला म्हणाले, "शेवटी शेवटी तुझ्या बाबाचं काय बिनसलं होतं, कळलं नाही बघ. पिंजरा ठेवला की तारेनं खाली बांधत बसायचा. लोखंडाचा पिंजरा. आम्ही म्हणायचो, अरे यार, एवढं वजन आहे, ते काय तरंगणार आहे? सगळे हसायचे त्याला. तो म्हणायचा, असू दे रे, माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

ज्या हाताला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं, त्याचा भरवसा मी घालवला होता, आणि तो परत द्यायला मला एक वाक्य पुरलं असतं.

"काका, चूक माझी होती," मी म्हणाले.

कशाची, ते त्यांना कळलं नाही. ज्यांना कळलं असतं त्यांच्या फोटोला आम्ही सकाळीच हार घातला होता.